बावीस दिवस, अठरा तास, आठ मिनिटं

बाईंनी मला पहिला महिनाभर संगणकाला हात लावू दिला नाही. सोल्डरिंगच्या टेबलावरून उठून, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, दोन मुलांची शाळा आणि सासूबाईंची औषधं सांभाळत मी सी भाषा शिकायला आले होते. मला वाटलं होतं, पहिल्याच दिवशी पडद्यावर काहीतरी हलवून दाखवतील. बाईंनी बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा माझ्यासमोर ठेवला, कोऱ्या कार्डांची थप्पी दिली आणि म्हणाल्या, "उतरवून काढ."

"काय उतरवू?"

"चुका."

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन मजले चढून गेलं की आमची कंपनी. आठ माणसं. पंप, भट्ट्या, बॉयलर यांची कंट्रोल पॅनलं आम्ही बनवायचो. वरून पत्र्याची पेटी, दोन-चार दिवे, आत एक चिप, आणि चिपमध्ये बाईंचा प्रोग्रॅम. कंपनीचा एक नियम होता आणि तो बाईंनीच घातला होता. प्रोग्रॅममध्ये चूक सापडली की जिची चूक तिने स्वतःच्या अक्षरात कार्ड लिहायचं. तीनच ओळी. मी काय लिहिलं. मला काय वाटलं. यंत्राने काय केलं. खाली तारीख आणि सही. कुणी कुणाला ओरडायचं नाही. पण ते कार्ड लिहिताना माणसाचा चेहरा बघावा, ओरडा परवडला असं म्हणावं लागेल.

डब्यात तीनशे बारा कार्डं होती. मी पाट्या टाकल्यासारखी ती उतरवायला घेतली आणि चौथ्या-पाचव्या कार्डापासून अंगावर काटा यायला लागला. एकीने भट्टीचं तापमान दोनशे आहे का असं विचारायच्या जागी दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह लिहिलं होतं. यंत्राने विचारलं नाही. दोनशे आहेच असं धरून चाललं, आणि आतल्या मालाचा कोळसा झाला. एकाने दहा घरांची ओळ केली होती. सी भाषेत मोजणी शून्यापासून, म्हणजे शेवटचं घर नववं. त्याने दहाव्यात लिहिलं, आणि ते शेजारच्याच्या जागेत जाऊन पडलं. शेजारी होता गोदामाच्या दाराचा परवलीचा आकडा. एकाने अटीपुढे चुकून सेमिकोलन दिला, अट तिथेच संपली, आणि जे कधीतरीच व्हायला हवं होतं ते कायम होत राहिलं. एका कार्डावर बाईंचंच अक्षर होतं: "मी भांडं घेतलं, धुतलं नाही. मला वाटलं नवं भांडं रिकामं असतं. आधीच्याचं खरकटं त्यात होतं." म्हणजे व्हेरिएबलला, आकडा ठेवायच्या भांड्याला, सुरुवातीची किंमत द्यायची राहिली होती.

बाईंची स्वतःची कार्डं एक्केचाळीस होती. त्यांना त्याची लाज नव्हती. "पुढच्यास ठेच, मागचा शहाणा," त्या म्हणायच्या, "पण पुढच्याने ठेच लागली हे सांगायला नको का? इथे सगळे लंगडत चालतात आणि विचारलं तर म्हणतात, नवीन चप्पल आहे."

पन्नाशी ओलांडलेल्या, काटकुळ्या, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेल्या. प्रोग्रॅम वाचायची त्यांची पद्धत जगावेगळी होती. कागदावर छापून घ्यायच्या, लाकडी पट्टी ओळीखाली धरायच्या आणि शेवटच्या ओळीपासून वर वाचत यायच्या, मोठ्याने. वरून खाली वाचलं की आपल्याला काय म्हणायचं होतं तेच दिसतं, म्हणायच्या. खालून वर आलं की लिहिलंय ते दिसतं. आणि प्रत्येक व्हेरिएबलपाशी थांबून दोन प्रश्न: यात आधी काय आहे, आणि यात मावतं किती? मला ते आधी वेडेपणाचं वाटलं. मग एक दिवस स्वतःच्याच दहा ओळींत तीन चुका सापडल्या आणि मी गप्प बसले.

दुसऱ्या महिन्यात त्यांनी मला वाचायला बॉयलरचा प्रोग्रॅम दिला. हा आमच्या कंपनीतला देवासारखा प्रोग्रॅम. सोळा वर्षांपूर्वी बाईंनी एकटीने लिहिलेला, नऊ ठिकाणी बसवलेला, आणि डब्यात त्याच्या नावावर एकही कार्ड नाही. नवीन माणूस आला की त्याला हा वाचायला द्यायचे, कित्ता म्हणून. त्याचं काम असं: बॉयलरमधलं पाणी कमी झालं की पंप चालू करायचा, पंप चालू करूनही पाणी वाढलं नाही तर आग बंद करायची. फक्त पेटवल्यावर पहिली पाच मिनिटं हे काही करायचं नाही, कारण तेव्हा पाणी उसळत असतं आणि पातळी खोटी दिसते. ती पाच मिनिटं पिवळा दिवा लागतो, ऑपरेटर स्वतः उभा राहून पाणी बघतो. मग हिरवा दिवा लागतो आणि पाण्याची जबाबदारी पॅनलकडे जाते.

त्या नऊ पॅनलांपैकी एक होतं हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या एका मोठ्या लाँड्रीत. तिथला बॉयलर ऑपरेटर म्हणजे बाईंचा धाकटा भाऊ. आईवडील लवकर गेले, बाईंनी त्याला लहानाचा मोठा केला, लग्न लावून दिलं, आणि स्वतःचं लग्न करायचं त्या बहुधा विसरूनच गेल्या. दर शनिवारी संध्याकाळी हा धाकटा आमच्या जिन्याखाली येऊन सायकलची घंटी वाजवायचा, आणि बाई पर्स सावरत खाली जायच्या. रविवारी लाँड्री बंद, बॉयलर थंड. दोघं मिळून बाजारहाट करायची. तो मला एकदा म्हणाला होता, "आमच्या ताईचं मशीन आणि आमची ताई, दोघं एकसारखी. बोलत नाहीत, पण चुकत नाहीत."

मी पट्टी धरून खालून वर वाचत होते. मिनिटं मोजणाऱ्या व्हेरिएबलपाशी आले आणि शिकवल्याप्रमाणे विचारलं, यात मावतं किती? त्या जुन्या चिपवर साधा इंट, म्हणजे पूर्णांकाचं भांडं, सोळा बिटांचा. बत्तीस हजार सातशे सदुसष्ट. त्याच्या पुढे एक मिनिट गेलं की आकडा वाढत नाही. उलटून उणे बत्तीस हजार होतो. मी कागदाच्या मागे भागाकार केला. बावीस दिवस, अठरा तास, आठ मिनिटं. आणि उणे आकडा पाचापेक्षा कमीच असतो. म्हणजे बॉयलर तेवीस दिवस सलग चालला तर पॅनलला वाटेल, आत्ताच पेटवलाय. पिवळा दिवा लागेल, पाणी बघणं बंद. पाच मिनिटांसाठी नव्हे. आकडा पुन्हा शून्यावर येईपर्यंत आणखी बावीस-तेवीस दिवस.

मी कागद बाईंकडे नेला. त्यांनी मान वर केली नाही.

"रविवारी बॉयलर थंड होतो, पॅनल बंद होतं, मिनिटं पुन्हा शून्य," त्या म्हणाल्या. "सहा दिवसांची मिनिटं किती?"

"आठ हजार सहाशे चाळीस."

"मग? चौपट जागा ठेवलीय मी."

"पण एखाद्या रविवारी बंद केलाच नाही तर?"

"करावाच लागतो. गाळ काढायचा असतो, पाण्याची काच साफ करायची असते. न करणारा ऑपरेटर वेडा म्हणायचा." मग त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "तू शिकायला आलीयस की शिकवायला?"

माझे कान गरम झाले. मी मुळातच तापट, घरी असते तर भांडं आपटलं असतं. इथे मी जागेवर येऊन बसले, कागदामागचा भागाकार खोडरबराने पुसला आणि मनात म्हटलं, तुमचं तुम्हाला लखलाभ. सोळा वर्षं नऊ ठिकाणी चाललंय आणि मी दोन महिन्यांची पोपटपंची करणारी. आपण कशाला उंटावरचा शहाणा व्हा.

त्यानंतरच्या शनिवारी सायकलची घंटी वाजली नाही. बाई एकट्याच बसथांब्याकडे चालत गेल्या. पुढच्या शनिवारीही नाही, त्याच्या पुढच्याही नाही. "ओव्हरटाइम असेल," बाई म्हणाल्या. मी जिन्याच्या खिडकीतून त्यांना जाताना पाहिलं. काहीतरी मला टोचत होतं, पण काय ते कळत नव्हतं. दुखणं कुठे आहे ते न समजता नुसतं अंग कसकसावं, तसं.

त्या बुधवारी दुपारी साडेबाराला बाईंची भावजय जिना चढून आली. बाई वेगळ्या राहायच्या, त्यांच्यासाठी ती घरून लाडू घेऊन आली होती. ती दारातच खुर्चीत टेकली, पदराने कपाळ पुसलं आणि आपलं गाऱ्हाणं सुरू केलं. घरात माणूस दिसत नाही, पोरं बापाचं तोंड विसरली, तीन रविवार सुट्टी नाही.

"नवीन तीन हॉस्पिटलांचं काम घेतलंय म्हणे. बॉयलर विझवायचा नाही म्हणून वरून हुकूम आहे. तीन आठवडे झाले, एकदा थंड केला नाही."

बाईंच्या हातातली पट्टी खाली पडली.

"कधी पेटवला होता?" त्यांचा आवाज इतका शांत होता की मला भीती वाटली.

"आता मला काय माहीत, वन्सं?"

"आठव. वार आठव."

"सोमवार. शाळेत बोलावलं होतं ना आम्हाला त्या दिवशी, धाकटीने मारामारी केली म्हणून. हे दुपारनंतर कामावर गेले. पाच वाजता पेटवला म्हणाले, साहेब ओरडले उशीर झाला म्हणून. पण झालं काय?"

बाईंनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. ओठ हलत होते. मला कॅलेंडर बघायची गरज नव्हती, पुसलेला भागाकार माझ्या डोळ्यांसमोर जसाच्या तसा होता. सोमवारी पाच. बावीस दिवसांनी मंगळवारी पाच. अठरा तास आठ मिनिटं पुढे. बुधवार, सकाळचे अकरा वाजून आठ मिनिटं.

घड्याळात बारा एकेचाळीस झाले होते.

"भरलेला असला तर दोन तास पुरतं पाणी," बाई म्हणाल्या. कुणाला उद्देशून नाही.

लाँड्रीचा फोन लागेना. लागला की दुसऱ्या कॉलवर. धाकट्याचा मोबाइल फाटकावरच्या कपाटात, कारण आत फोन न्यायला बंदी. आमच्या मालकांना आम्ही सांगितलं, फोन फिरवतच राहा, आग बंद करा एवढंच सांगा. भावजय "काय झालं, काय झालं" म्हणत मागे आली तेव्हा मीच तिला खुर्चीत ढकलून बसवलं. मग माझी स्कूटर. बाई आयुष्यात पहिल्यांदा स्कूटरवर बसल्या असाव्यात. माझा खांदा त्यांनी असा धरला होता की संध्याकाळी तिथे बोटांचे वळ दिसले. वाटेभर कानाशी त्यांचं पुटपुटणं चालू होतं. "बंद करतात म्हणून चालेल म्हटलं मी. बंद करतात म्हणून."

सिग्नल लाल होता. मी थांबले. बाईंनी मला थांबू नको म्हटलं नाही, पण खांद्यावरची बोटं आणखी रुतली.

लाँड्रीच्या फाटकावरचा वॉचमन म्हणजे नियमाचा अगदी पक्का. नोंदवही पुढे सरकवली, म्हणाला, "नाव, वेळ आणि भेटीचं कारण. त्याशिवाय सोडता येत नाही." मी त्याच्या अंगावर धावून जायच्या बेतात होते. बाईंनी पेन घेतलं. वेळ लिहिली, एक वाजून दोन मिनिटं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, "चूक". आणि सरळ आत चालू लागल्या.

बॉयलरच्या खोलीत धाकटा होता. उभा, धडधाकट, हातात स्टीलचा पेला. मला इतकं हायसं वाटलं की रडूच आलं. मग मी दिवा पाहिला. पिवळा.

"ताई? तू इथे कशी?"

"आग बंद कर."

"अगं, झालं काय?"

"दिवा कधीपासून पिवळा आहे?"

"हा? सकाळी अकराच्या सुमारास बदलला. वीज जाऊन आली असेल म्हटलं. पाणी बघ ना, अर्ध्यावर आहे."

खरंच होतं. बॉयलरच्या पोटाला लावलेली उभी काचेची नळी, तिच्यात पाणी बरोब्बर अर्ध्यावर. इतकं स्थिर, जणू काचेवर रंगवलेलं. क्षणभर मलाही वाटलं, सुंठीवाचून खोकला गेला.

तेवढ्यात मागून सुपरवायझर आले. धुलाई विभागात वाफ कमी पडली की त्यांची नोकरी जाणार, हे त्यांच्या चेहऱ्यावरच लिहिलं होतं. बाईंनी सांगितलं, पॅनल पाणी बघत नाहीये, दोन तास होत आले. त्यांनी काचेकडे बोट केलं.

"हे काय मग? अर्धं आहे की. आणि बाई, तुम्हीच लेखी दिलंय ना आम्हाला? काच बघायला वेगळा माणूस लागणार नाही म्हणून. तुमच्या सहीचं पत्र आहे माझ्याकडे. त्या पत्रावर आम्ही दुसरा माणूस कमी केला."

"ते पत्र चूक होतं," बाई म्हणाल्या.

"ताई," धाकटा समजुतीच्या सुरात म्हणाला, "तू दमलीयस. तुझं मशीन चुकत नाही. सोळा वर्षं मी बघतोय."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिच्यावर एवढा विश्वास, की तिनेच सांगितलेलं ऐकू येईना. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि एकदम म्हणाल्या, "पंपाचा आवाज येतोय?"

आम्ही कान दिला. बर्नरची घरघर होती, वाफेची सूं सूं होती. पंपाचा आवाज नव्हता.

"मी पलीकडे ड्रायरवर होतो सकाळपासून," धाकटा हळूच म्हणाला. "एकटा आहे ना मी."

"काच शेवटची कधी साफ केलीस?"

"रविवारी करतो." मग थांबून, "रविवार झालाच नाही."

"तिचा खालचा कॉक उघड. पाणी सोड. परत भर येते का बघू."

धाकट्याने पेला खाली ठेवला. तो वाकला आणि कॉक फिरवला. काचेतलं पाणी सरसर खाली उतरून फरशीवर सांडलं. त्याने कॉक बंद केला. आता काच पुन्हा भरायला हवी होती. बॉयलरमध्ये पाणी असलं तर ते डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच वर येतं. आम्ही चौघं त्या नळीकडे बघत राहिलो. ती रिकामीच राहिली. गाळाने तिचं तोंड कधीच बुजलं होतं, आणि इतका वेळ आम्ही जे अर्धं पाणी बघत होतो ते आत अडकलेलं, मेलेलं पाणी होतं.

धाकट्याने झेप घेऊन बर्नरचं बटण दाबलं. सुपरवायझर घाबरून पाण्याचा हाताने उघडायचा व्हॉल्व्ह धरायला धावले, आणि धाकट्याने त्यांच्या मनगटावर असा फटका मारला की ते भिंतीवर आदळले.

"पाणी नको! तापलेल्या पत्र्यावर पाणी गेलं तर छप्परसुद्धा राहणार नाही. बाहेर! सगळे बाहेर!"

इस्त्री विभागातल्या तीस-चाळीस बायका, धुलाईची माणसं, वॉचमन, सगळे आवाराच्या टोकाला जाऊन उभे राहिलो. सुरुवातीला लोक बोलत होते, एकदोघी हसतही होत्या. मग बॉयलरच्या खोलीतून आवाज यायला लागला. टक्. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा टक्, टक्. तापलेलं लोखंड निवताना करतं तो आवाज; पण तो निवण्याचाच आहे हे कोण सांगणार? प्रत्येक टक्‌सरशी धाकटा डोळे मिटायचा. बाईंनी त्याचा हात धरला होता, लहान मुलाला रस्ता ओलांडायला धरतात तसा. पाऊण तास आम्ही उभे होतो. मला माझ्या मुलांची आठवण येत होती, आणि त्याहीपेक्षा जास्त, मी पुसलेल्या त्या भागाकाराची.

फुटला नाही. तीन दिवसांनी तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरने बॉयलर उघडला, आत बॅटरी मारली आणि आतला पत्रा किती खाली ओघळलाय ते बोटांनी मोजून दाखवलं. चार बोटं. "कुणाच्या लक्षात आलं?" त्याने विचारलं.

बाईंनी कार्ड लिहिलं ते त्याच्याही आधी, गुरुवारी, सगळ्यांसमोर, उभ्याने.

"मी मिनिटं लहान भांड्यात ठेवली. मला वाटलं माणसं रविवारी सुट्टी घेतात. यंत्राला रविवार माहीत नव्हता."

तारीख, सही. मग त्यांनी ते पत्र परत घेतल्याचं दुसरं पत्र लिहिलं, मालकांना म्हणाल्या, हे नऊही ठिकाणी पाठवा. मालकांचा जीव खालीवर झाला, कंपनी बुडेल म्हणाले. "बुडू दे. पाण्यात बुडालेली बरी," बाई म्हणाल्या. एवढ्या दिवसांत त्यांनी केलेला हा एकच विनोद, आणि कुणी हसलं नाही.

मी पण एक कार्ड लिहिलं. बाईंनी सांगितलं नव्हतं. "मी भागाकार केला आणि पुसला. मला वाटलं मोठ्या माणसांना माहीत असतं." तिसरी ओळ मला सुचेना, कारण यंत्राने माझं काहीच ऐकलं नव्हतं. बाईंनी ते वाचलं आणि पेन घेतलं. मग म्हणाल्या, "तिसरी ओळ मी लिहिते." आणि त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलं, "बाईंनी तिला गप्प केलं."

आठ पॅनलं पंधरा दिवसांत बदलून झाली. नववं एका हॉटेलात होतं. ते हॉटेल चार वर्षांपूर्वी बंद पडलं, बॉयलर भंगारवाल्याने उचलला. भंगारवाला म्हणाला, चालू होता, म्हणून तोडला नाही, विकला. कुणाला? ट्रक घेऊन आला होता एक जण. रोख पैसे दिले. नाव विचारायची आपल्यात पद्धत नाही.

बाईंनी नोकरी सोडली. मला वाटलं होतं, आता त्या खचतील. पण दर रविवारी त्या आणि धाकटा सायकल घेऊन निघतात. तोही लाँड्री सोडून एका शाळेत नळदुरुस्तीला लागलाय. बॉयलरच्या खोलीत पाऊल टाकत नाही, पण ताईबरोबर दारापर्यंत जातो. लाँड्र्या, रंगाचे कारखाने, हॉटेलं, भंगाराची दुकानं. विचारतात, तुमच्याकडे बॉयलर आहे का, सुट्टी कोणत्या वारी असते? लोकांना वाटतं, कामगारांच्या सुट्टीसाठी झटणाऱ्या संघटनेची माणसं आहेत. सगळीकडे एक छापील कार्ड ठेवून येतात: पिवळा आणि हिरवा असे दोन दिवे असलेलं पॅनल दिसलं तर या नंबरावर कळवा. नंबर आमच्या कंपनीचा आहे. त्या फोनशेजारची खुर्ची आता माझी, आणि पत्र्याचा डबाही माझ्याकडे आहे. नवीन आलेल्यांना पहिलं कार्ड मी बाईंचं देते, दुसरं माझं.

दोन वर्षं फोन आला नाही. मला वाटू लागलं होतं, कुठेतरी ते पॅनल गंजून गेलं असेल. काल दुपारी, जेवणं आटोपल्यावर, तो वाजला.

"अहो, तुमचं कार्ड आहे आमच्या भिंतीवर," पलीकडचा माणूस म्हणाला. आवाज मोकळाढाकळा, तरुण. "दोन दिव्यांचं पॅनल. आपल्याकडे आहे की तसं. एकच विचारायचं होतं. इतके दिवस हिरवा लागायचा, आज जेवायच्या आधीपासून पिवळा लागलाय. म्हणजे काय असतं ते?"

मी उभी राहिले. खुर्ची मागे पडली.

"आग बंद करा. आत्ता. पाणी घालू नका, काचेतल्या पाण्यावर विसंबू नका, सगळ्यांना बाहेर काढा. तुम्ही कुठून बोलताय? पत्ता सांगा."

"आग बंद?" तो हसला. "अहो बाई, सीझन आहे. मागच्या महिन्यापासून विझवलाच नाही. थांबा, मालकांना विचारून येतो, इथेच आहेत."

"विचारू नका! ऐका—"

रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. त्याची चप्पल फटफट करत लांब गेली. मी ओरडत राहिले, मग ओरडायची थांबले आणि ऐकत राहिले. बर्नरची घरघर ऐकू येत होती. वाफेची सूं सूं ऐकू येत होती. कुणीतरी बाई दुसऱ्या बाईला काहीतरी सांगून हसत होती. पंपाचा आवाज मात्र येत नव्हता.